पोतदार : नाणे पारखणाऱ्याचे आडनाव

नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आडनावांचा माग काढणारा वाचक जुन्या कोशांतील ‘पोतदार’ या शब्दापाशी हमखास थांबतो. हे नाव ऐकताच सोनाराची पेढी डोळ्यांपुढे येते. तो अर्थ चूक नाही, अपुरा आहे. मोल्सवर्थच्या कोशात पोतदार हा आधी सरकारी खजिन्यात येणारा पैसा पारखणारा अधिकारी आहे आणि मग गावचा सोनार.

शब्द फारसी ‘फोतेदार’वरून आला. फोता म्हणजे सरकारी वसूल, पैशाची थैली. मराठीत त्याचे ‘पोते’ झाले व खजिन्यासही तेच नाव पडले. त्या खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना रुपये चालत. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा आणि त्यानुसार बट्टाही निराळा. रुपया वाजवून, तोलून, निरखून तो खरा की खोटा हे पोतदार सांगे. सरकारी भरण्याबरोबरच रयतेच्या आपसांतील देण्याघेण्याचे नाणेही तोच पारखी, असे एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात नोंदले आहे. म्हणजे कुळाने घाम गाळून आणलेल्या रुपयाचे मोल त्या एका माणसाच्या शब्दावर ठरे. जुन्या रुपयांवर दिसणारे बारीक ठसे अशाच पारखीचे आहेत. पुष्कळ घरांत ते नाण्याचे व्यंग समजले जातात.

१८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया चालू केला. पारखीचे काम हळूहळू सरले, सोनारकी राहिली आणि नावाचा अर्धाच अर्थ लोकांच्या ध्यानी उरला.

हे नाव हुद्द्याचे, जातीचे नव्हे. सोनारांत पोतदार आहेत, तसे ब्राह्मणांतही. जुनी कागदपत्रे पारखण्यात हयात घालवणारे इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार त्यांपैकीच. (आडनाव इतके अन्वर्थक क्वचितच ठरते!) नायगावहून जवळच, माटुंग्याच्या १९४१ सालच्या महाविद्यालयावर झळकणारे ‘पोदार’ हे मारवाडी नावही याच शब्दाचे रूप. जैन घराण्यांतील पारख व पारेख ही नावे मात्र संस्कृत ‘परीक्षा’ची, वाट वेगळी, काम तेच.

त्यामुळे दोन पोतदार भेटले की ते एका कुळीचे असे धरून चालत नाही. सोयरीक पाहताना त्यांना मूळ गाव आणि गोत्र विचारावेच लागते.