गर्दुल्ला कोणाचा?

'गर्द' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतील एखादा पूल आणि त्याखाली धूर ओढत बसलेला कळकट तरुण उभा राहतो. 'तो आपला नव्हे,' असे मनाला बजावून आपण पुढे जातो. ही समजूत सोयीची आहे; खरी नाही.

केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी माणसे मद्य घेतात आणि त्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. म्हणजे सर्वांत मोठे व्यसन पुलाखाली नसून आपल्या मांडवात आहे. मुलाने सिगारेट ओढली म्हणून ज्या घरात आकांत होतो, त्याच घराची अब्रू लग्नात बाटली न फुटल्यास जाते! कोणी हटकलेच, तर काना गावच्या लग्नाचा दाखला तयार असतो. जणू प्रभूने तो चमत्कार सोळा वर्षांच्या पोराच्या हाती पेला देण्यासाठीच केला होता!

आपला दुसरा अपराध याहून क्रूर आहे. पोर अडकले की आपण त्याला पापी ठरवतो, शपथ घालतो आणि शपथ मोडली की दार लावून घेतो. व्यसनाधीनता हा आजार आहे. शपथेने मधुमेह बरा होतो काय? जुन्या मद्यपीची दारू एकाएकी तोडली, तर त्याला झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. त्याला वैद्य हवा, समुपदेशन हवे आणि नंतर वर्षानुवर्षे आधार हवा.

वाट अज्ञात नाही. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत 'कृपा फाउंडेशन' उभारले. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. परंतु परभणी जिल्ह्यात, प्राचीन मंदिरांच्या चारठाण्यात राहणाऱ्या एखाद्या शेतमजुराच्या पत्नीने नवऱ्याला घेऊन पुणे-मुंबई कोणत्या पैशाने गाठावी? तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हा उपचार मिळालाच पाहिजे, ही मागणी आपण का करीत नाही?

शासनाकडे बोट दाखवण्याचा अधिकार मात्र मिळवावा लागतो. त्यासाठी आधी आपल्या मांडवातील बाटली हटवावी आणि लावलेले दार उघडावे. गर्दुल्ला आपलाच आहे.