स्लॅब तापतो मालकाचा, बिल येते भाडेकरूला

उन्हाळ्यात चंद्रपूर, नागपूरकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. गावची पोरं एमआयडीसीत कामाला लागली की भाड्याने घेतात ती बहुतेक वरच्या मजल्यावरची खोली. ती स्वस्त असते. का, ते मे महिन्यात कळते! दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो.

मग कुलर येतो. पण कुलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली दमट हवा निघायला दुसरी वाट लागते. एकाच खिडकीच्या खोलीत कुलर आत ठेवला, तर गारवा कमी आणि चिकचिकाट जास्त. दोष कुलरचा नाही, बांधकामाच्या नकाशाचा आहे.

खरा गुंता पैशाचा. इमारत मालक बांधतो, वीजबिल भाडेकरू भरतो. मग छताला उष्णता परतवणारा पांढरा थर द्यायला मालक खिशात हात कशाला घालेल? समोरासमोर दोन खिडक्या काढायच्या, तर एखादी खोली कमी होते, म्हणजे भाडेही बुडते.

घराच्या भिंती-छतातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा सांगणारी केंद्राची 'इको निवास संहिता' 2018 सालीच आली. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छताचे धोरण आणून सरकारी आणि मोठ्या इमारतींना सक्ती केली. पण एमआयडीसीच्या आजूबाजूच्या चाळीवजा खोल्या अनेकदा मंजूर नकाशाशिवायच उभ्या राहतात. तिथे संहिता पोहोचणार कशी? तोवर भाडे ठरवण्याआधी खोली भरदुपारी बघावी, सकाळी नव्हे.