भिंतीवरची रेघ आणि तांब्यावरची रेघ



परवा आमच्या चौथीतल्या एका पठ्ठ्याने शाळेच्या व्हरांड्यात कोळशाने समोरचं देऊळ काढलं. अगदी कळसासकट! मी रागावले, ओला फडका हातात दिला. पण चित्र इतकं छान होतं की, तो पुसत असताना मी त्याला आयझॅक वेअरची गोष्ट सांगू लागले.

इंग्लंडमध्ये १७१४ ते १८३० या काळात एकामागून एक जॉर्ज नावाचे चार राजे झाले. म्हणून तेव्हाच्या इमारतींना ‘जॉर्जियन’ म्हणतात. (जॉर्जिया देशाशी त्याचा काही संबंध नाही हं!) वेअर हा त्या काळातला वास्तुकार. गोष्ट अशी की, लहानपणी तो लंडनमध्ये धुराडी साफ करायचा. एकदा हा हडकुळा पोरगा व्हाइटहॉलच्या इमारतीचं चित्र खडूने तिच्याच भिंतीवर काढत होता. मध्येच रस्त्यात पळत जाऊन वर बघायचा, परत येऊन रेघ मारायचा. एका श्रीमंत गृहस्थाने ते पाहिलं, पोराला मालकाकडून सोडवलं, शिकवलं. अंगात मुरलेली काजळी मात्र म्हणे मरेपर्यंत गेली नाही!

“बाई, हे खरंय?” पठ्ठ्याने विचारलं. आता आली का पंचाईत!

ही गोष्ट छापून आली १८२८ मध्ये. वेअर तर १७६६ मध्येच वारला होता. शिवाय गोष्टीतला मालक तक्रार करतो की, याने घराच्या भिंतींवर सेंट मार्टिन चर्चचे खांब काढून ठेवलेत. ते चर्च बांधायला घेतलं १७२२ साली. आणि १ ऑगस्ट १७२१ रोजीच वेअर थॉमस रिप्ली या वास्तुकाराकडे उमेदवारीला लागला होता. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा असेल. करा बरं हिशेब! जुळत नाही ना?

पठ्ठ्या हिरमुसला. मग मी त्याला खात्रीची गोष्ट सांगितली.

पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराचं १५७० सालचं एक प्रसिद्ध पुस्तक आहे. लिओनी नावाच्या माणसाने ते इंग्लंडमध्ये आणताना त्यातली चित्रं आपल्या मर्जीने ‘सुधारली’. वेअरने ठरवलं, मापं मुळाबरहुकूमच हवीत. १७३८ मध्ये त्याने स्वतः केलेलं भाषांतर छापलं. सगळी चित्रं आपण स्वतःच्या हाताने कोरली आहेत, असं त्याने पुस्तकात सांगितलं. कोरायची कशावर? तांब्याच्या पत्र्यावर! टोकदार हत्याराने एकेक रेघ खोदायची, तिच्यात शाई भरायची, वरची शाई पुसून कागद दाबायचा. छाप आरशातल्यासारखा उलटा येतो, म्हणून अक्षरं पत्र्यावर उलटी कोरावी लागतात. चूक झाली तर खोडरबर नाही, ओला फडकाही नाही.

हे ऐकल्यावर पठ्ठ्याने पाटी घेतली आणि स्वतःचं नाव उलटं लिहायला बसला. तीनदा चुकला.

वेअरने घरंही बरीच बांधली. १७५६ मध्ये त्याने बांधकामावर सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. लंडनमधलं त्याचं चेस्टरफील्ड हाऊस १९३७ मध्ये पाडलं गेलं. अॅडमिरल बिंग यांच्यासाठी १७५४ मध्ये बांधायला घेतलेलं रोथम पार्क मात्र उभं आहे. आणि तांब्यावर कोरलेल्या त्या चित्रांचं पुस्तक १९६५ साली अमेरिकेत पुन्हा छापलं गेलं.