दोनशें रुपयांची वांटणी

आमच्या घरीं रात्रीच्या जेवणानंतर पानसुपारी होईपर्यंत कोणी उठावयाचें नाहीं, असा वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता आहे. आणि घरांतील बहुतेक तंटे व बहुतेक निर्णय त्याच अर्ध्या तासांत होतात. गेल्या महिन्यांत अशाच एका रात्रीं माझ्या पुतण्यानें विषय काढला, कीं दोघां मित्रांसह त्याला एका मराठी चित्रपटांत भांडवल घालावयाचें आहे, व त्यासाठीं कोंकणांतील आंबराईचा आपला हिस्सा विकावा असा त्याचा विचार आहे. वहिनींच्या हातांतला अडकित्ता थांबला. दादा कांहींच बोलले नाहींत.

"काका, 'सैराट'नें 2016 सालीं शंभर कोटींचा पल्ला गांठला," पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला. "आम्हांला त्याचा विसावा हिस्सा मिळाला तरी पुरे."

घरांत हिशेबाचें काम माझ्याकडे असतें. सबब "ते शंभर कोटी कोणाकोणाच्या हातीं पडतात तें आधीं काढ" अशी दादांची मला आज्ञा झाली. तो कागद मीं केला तो असा.

वर्तमानपत्रांत जो कोटींचा आंकडा छापून येतो तो तिकीटखिडकीवर जमलेला गल्ला असतो. निर्मात्याची मिळकत नव्हे. मल्टिप्लेक्समधील दोनशें रुपयांचें एक तिकीट घ्या. त्यांतून प्रथम वस्तु व सेवा कर निघतो. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर शेंकडा 5 व त्याहून महाग तिकिटावर शेंकडा 18 असा त्याचा दर आहे. म्हणजे साडेतीस रुपये सरकारचे, आणि उरले 169 रुपये 49 पैसे. 'सैराट'च्या वेळीं ही गोष्ट निराळी होती, हें पुतण्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. मराठी चित्रपटांना महाराष्ट्रांत तेव्हां करमणूक कर माफ होता. 1 जुलै 2017 रोजीं नवा कर आला, तेव्हां ती जुनी सवलत करमणूक कराबरोबरच लोपली.

उरलेल्या 169 रुपयांवरून चित्रपटगृहवाले आणि निर्माते ह्यांचें भांडण जुनें आहे. 2009 सालच्या एप्रिलपासून जवळजवळ दोन महिने हिंदी निर्मात्यांनीं व वितरकांनीं मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट देण्याचेंच बंद केलें होतें. उन्हाळ्याच्या सुटीच्या ऐन हंगामांत पडदे ओस पडले. अखेर जूनमध्यें तडजोड झाली, ती अशी: पहिल्या आठवड्यांत निव्वळ जमेपैकीं शेंकडा 50 वितरकाकडे, दुसऱ्या आठवड्यांत 42॥, तिसऱ्यांत 37॥ आणि चौथ्यापासून पुढें 30. हिंदी चित्रपटांच्या व्यवहारांत पुढें हाच साचा आधाराला धरला गेला. आपल्या दोनशें रुपयांपैकीं वितरकाच्या हातीं, ह्या साच्यानें, पहिल्या आठवड्यांत 84 रुपये 75 पैसे येतात. चौथ्या आठवड्यांत तेच 51 रुपयांच्या आंत येतात.

हा उतरता जिना दिसावयास निरुपद्रवी आहे. पण लहान चित्रपटाचें मरण त्यांतच आहे असें मला वाटतें. मोठ्या नटाचा चित्रपट शुक्रवारीं हजारों पडद्यांवर एकदम लागतो, आणि रविवारच्या रात्रींपर्यंत आपली बरीचशी कमाई चढत्या दरानें घेऊन मोकळा होतो. ज्या मराठी चित्रपटाला जाहिरातीचें बळ नाहीं, त्याची कीर्ति मात्र तोंडोतोंडीं पसरावी लागते. शेजारीण वहिनींना सांगणार, वहिनी माहेरीं कळविणार, आणि मग सगळीं मिळून तिसऱ्या आठवड्यांत जाणार! तोंवर निर्मात्याचा वांटा उतरलेला, आणि खेळ दिवसाला एक, तोहि सकाळीं साडेनऊचा. 2015 सालीं राज्य सरकारनें मल्टिप्लेक्सनीं मराठी चित्रपट मोक्याच्या वेळीं दाखवावा असें जाहीर केलें. प्रथम सायंकाळीं सहा ते नऊ ही वेळ होती. विरोध होतांच ती दुपारीं बारा ते रात्रीं नऊ अशी सैल झाली. दुपारीं बाराला कामकरी माणूस चित्रपट पाहावयास कसा जाणार, हें मला उमगलेलें नाहीं.

एकपडदा चित्रपटगृहांची रीत वेगळी. तेथें पुष्कळदां आठवड्याचें ठराविक भाडें घेतात. घर भरलें तर वितरकाचें भाग्य. रिकामें राहिलें तर भाडें पदरचें. ह्या वितरकांचे प्रांतहि मोठे मौजेचे आहेत. राज्यपुनर्रचना 1956 सालीं झाली, पण चित्रपटांच्या नकाशावर विदर्भ अद्याप 'सी. पी. बेरार'मध्यें आहे आणि मराठवाडा 'निजाम'मध्यें! दादा येथें मनापासून हंसले. त्या रात्रीं एवढेंच.

चित्रपटगृहवाल्यांची बाजूहि ऐकली पाहिजे. जागेचें भाडें, वीज, नोकरांचे पगार हे खर्च खुर्च्या रिकाम्या असल्या म्हणून थांबत नाहींत. म्हणून ते मक्याच्या लाह्या विकतात, कारण त्या पैशांत निर्मात्याचा वांटा नसतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आंत आणूं न देण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2023 मध्यें मान्य केला. मात्र पिण्याचें पाणी फुकट द्यावें आणि तान्ह्या मुलाचें खाणें अडवूं नये, असेंहि सांगितलें. आमच्या वहिनींना पहिला अर्धा भाग मुळींच मान्य नाहीं.

अमेरिकेंत हा वाद आपल्याहून जुना आहे. तेथें मोठ्या चित्रपट कंपन्यांच्या मालकीचींच चित्रपटगृहें असत. दोन्ही खिसे एकाचेच, मग वांटणी कसली! 1948 सालीं पॅरामाउंट खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ह्या मक्तेदारीविरुद्ध निकाल दिला आणि कंपन्यांना चित्रपटगृहें सोडावीं लागलीं. त्या बंधनाचा हुकूम 2020 सालीं उठविण्यांत आला. तरीहि ज्याच्याकडे लोकांना हवा तो चित्रपट, त्याचेंच तेथें चालतें. 2017 सालीं 'स्टार वॉर्स'मालिकेंतील नव्या चित्रपटासाठीं डिस्ने कंपनीनें शेंकडा 65 वांटा मागितला, आणि वर सर्वांत मोठा पडदा चार आठवडे अडवून ठेवण्याची अट घातली. चित्रपटगृहवाले कुरकुरले, आणि बहुतेकांनीं चित्रपट लाविला. आमच्या पुतण्याच्या हातीं असें हत्यार असावयाचें नाहीं.

आतां त्याचाच हिशेब. निर्मिति आणि जाहिरात मिळून तीन कोटी खर्च धरला. सगळे प्रेक्षक पहिल्याच आठवड्यांत, दोनशें रुपयांच्या तिकिटानें आले, आणि 2009 चाच साचा लागू झाला, असें उदारपणें मानलें. वितरकाची दलाली शेंकडा 10 धरली. तर निर्मात्याच्या पदरीं तिकिटामागें 76 रुपये 27 पैसे पडतात. त्यांतून पडद्यामागें द्यावयाचें डिजिटल प्रक्षेपणाचें शुल्क मीं धरलेलेंच नाहीं. मुद्दल वसूल होण्यास सुमारें 3 लाख 93 हजार तिकिटें खपलीं पाहिजेत. एका खेळास साठ माणसें आलीं, तर साडेसहा हजारांहून अधिक खेळ! दूरचित्रवाणीचे व घरबसल्या पाहण्याच्या हक्कांचे पैसे निराळे. पण ते विकले जातीलच असें लेखी कोणी देत नाहीं.

कागद ऐकून झाल्यावर पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, म्हणजे चित्रपट काढूंच नये म्हणतां?" मीं तसें म्हटलें नव्हतें. दादांनीं प्रथमच तोंड उघडलें. "आंबराई विकावयाची नाहीं. तिचें दोन वर्षांचें उत्पन्न तुझें. तेवढ्यांत मित्रांबरोबर चौथा भागीदार शोध. आणि वितरकाशीं करार लिहून घेतल्याखेरीज एक पैसाहि गुंतवावयाचा नाहीं."

येत्या गुरुवारीं तो मुंबईस एका वितरकाकडे जावयाचा आहे. मी बरोबर जाणार आहें. तिसऱ्या आठवड्यांत किती खेळ आणि कोणत्या वेळीं, हा प्रश्न मीं कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवला आहे.