दलाली घ्या, पण हिशेब द्या

शेतकरी माल दरसाल विकतो. घर विकायची पाळी आयुष्यात एकदा येते, आणि तीही बहुधा अडचणीत. मुलीचे लग्न, दवाखाना, सोसायटीची थकबाकी, नाहीतर भावाभावांची वाटणी. मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी बांधलेल्या दोन खोल्या असोत की गावठाणातले वाडवडिलांचे घर असो, विकायचे आहे ही कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी दारात मोटारसायकल उभी राहते. "काका, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. तुम्ही फक्त हो म्हणा."

बाजार समितीतल्या अडतीवर आम्ही बोललो, लिहिले, रस्त्यावर उतरलो. घराच्या दलालीवर मात्र एक ओळ लिहिली नाही. ती चूक आज दुरुस्त करतो.

आधी हिशेब. दलालीचा दर सरकारने ठरवून दिलेला नाही. रिवाज म्हणून विकणाऱ्याकडून एक ते दोन टक्के आणि घेणाऱ्याकडूनही तेवढेच मागितले जातात. घर ३० लाखांचे असेल तर विकणाऱ्याचे दोन टक्के म्हणजे ६० हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनला क्विंटलमागे ५३२८ रुपये आधारभाव जाहीर केला. त्या भावाने हे सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन झाले. नांगरट, बियाणे, खत, फवारणी, मळणी, सारे करून जे पिकते ते एका सहीत जाते.

म्हणून दलाल चोर ठरतो काय? आम्ही तसे म्हणणार नाही. खरे गिऱ्हाईक शोधणे, दहा जणांना घर दाखवणे, कागद जमवणे, घेणाऱ्याचे बँकेचे कर्ज मार्गी लावणे, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोन्ही बाजूंना एका दिवशी उभे करणे, हे काम आहे. आपल्या घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या कामाचे दाम नाकारू नयेत. शिवाय हा दलाल परक्या मुलखातून आलेला नाही. शेतीत भागत नाही म्हणून या धंद्यात शिरलेला तो आपल्याच गल्लीतला, कित्येकदा आपल्याच कार्यकर्त्याचा मुलगा असतो.

आमची तक्रार आहे ती व्यवहार अंधारात होतो याची. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो आणि बैलाचा धनी शेजारी उभा असून त्याला आकडा कळत नाही. घराच्या सौद्यात तोच रुमाल आहे. मालकाला सांगायचे, गिऱ्हाईक २७ लाखांच्या वर चढत नाही. गिऱ्हाइकाला सांगायचे, मालक ३० च्या खाली उतरत नाही. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. कोणी स्वतःच्या किंवा मेहुण्याच्या नावाने थोडे पैसे देऊन इसार पावती करून ठेवतो, मुदत लांबवतो, आणि खरे गिऱ्हाईक सापडले की मधले ३ लाख खिशात घालतो. कोणी कुलमुखत्यारपत्रावरच सही घेतो, मग खरेदीखताच्या दिवशी मालकाला बोलावण्याचीही गरज उरत नाही. दोन टक्क्यांवर घासाघीस करणारा शेतकरी येथे दहा टक्के हरतो आणि त्याला पत्ता लागत नाही.

कायदा याला मान्यता देत नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. ज्याच्यासाठी काम करायचे त्याच्या नकळत एजंटाने स्वतःचा व्यवहार साधला, तर झालेला फायदा मागण्याचा हक्क मालकाला कलम २१६ देते. वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत मेहनताना देय होत नाही, हे कलम २१९ सांगते. ज्या कामात गैरवर्तन केले त्या कामाचा मेहनताना एजंटाला मागता येत नाही, असे कलम २२० म्हणते. पण कोर्टात उभे राहायचे तर कागद हवा, आणि तोच आपल्याकडे नसतो.

२०१६ चा रेरा कायदा आला तेव्हा दलालांना वेसण बसेल असे वाटले होते. नोंदणी झालेल्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची झाली, पुढे महारेराने त्याला प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. परंतु जुन्या घराची फेरविक्री, गावठाणातले घर आणि शेतजमीन यांचे सौदे या नोंदणीच्या बाहेर राहिले. म्हणजे शहरातल्या नव्या फ्लॅटच्या गिऱ्हाइकाला संरक्षण आणि शेतकरी उघड्यावर. हे नवे नाही.

दलाली कोणी द्यायची, हा दुसरा प्रश्न. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. ते योग्यच झाले. पण अडत भरणारा खरेदीदार तेवढा भाव कमी बोलू शकतो, हेही विसरू नये. घराचेही तसेच आहे. अमेरिकेत घर विकणारा आपल्या एजंटाचे आणि घेणाऱ्याच्या एजंटाचेही पैसे भरत असे, दोन्ही मिळून पाच-सहा टक्के. विकणारे कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातल्या ज्यूरीने एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध निकाल दिला. २०२४ मध्ये त्या संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून तेथे घेणाऱ्याच्या एजंटाला घर दाखवण्याआधी आपल्या गिऱ्हाइकाशी लेखी करार करावा लागतो. एवढ्या खटाटोपातून निघालेला धडा साधा आहे: ज्याचे काम त्याने दाम द्यावे, आणि आकडा आधी कागदावर यावा.

अमेरिकेतल्या विकणाऱ्याला जे कोर्टात जाऊन मिळवावे लागले, ते आपल्याला आपल्या ओट्यावर बसून करता येईल. जिल्हा बैठकीपुढे आम्ही पाच गोष्टी ठेवतो. घर दाखवण्याआधी दलालीचा आकडा, मुदत आणि कामे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तो घेणाऱ्याकडूनही पैसे घेणार असेल तर तेही त्याच कागदावर यावे. गिऱ्हाइकाशी भावाचे बोलणे मालकाने समोरासमोर करावे. इसार पावती आणि साठेखत खऱ्या खरेदीदाराच्याच नावाने व्हावे, दलालाला कुलमुखत्यारपत्र देऊ नये. दलाली खरेदीखत झाल्यावर, बँकेतून आणि पावती घेऊनच द्यावी. पावती असली तर भांडवली नफ्यावरचा आयकर मोजताना हा खर्च वजा मागता येतो. रोखीने दिलेल्या दलालीला पुरावा नसतो.

आणखी एक. कागद नसलेल्या घराला गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी तेथे दलाल शिरजोर. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या उताऱ्यापलीकडे आधार नसेल तर बँक कर्ज द्यायला कचरते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देण्याचे काम सुरू झाले. आपले पत्रक निघाले का, नावे बरोबर आहेत का, हे घर विकायच्या आधी नव्हे, आजच पाहावे. शेजारचे घर केवढ्याला गेले हे नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये दिसते. तो उतारा काढल्याशिवाय कोणालाही भाव सांगू नये.

आपल्यातल्या दलाल मुलांनाही आमचे सांगणे आहे. पोरांनो, टक्के उघड मागा, आम्ही उघड देऊ. घासाघीस करू, पण बुडवणार नाही. फक्त तो रुमाल काढा.