लिंबं आणि वेठ
या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. ती ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या गव्हाच्या पट्ट्यात, एका छोट्याशा गावी दवाखाना चालवते. नवी असताना एक दांडगा शेतकरी तिच्यासमोर बसून म्हणाला, ‘डॉक्टर, मी जरा क्रुक आहे.’ आता हा कुठली लबाडी कबूल करतो म्हणून बाई कान टवकारून बसली! तिकडे क्रुक म्हणजे आजारी. (आपल्या ‘कसंसंच होतंय’चं निदान तरी कुठल्या पुस्तकात आहे?) अशा आडगावी ती पोचली ती एका नियमामुळे. तिथला १९९७पासूनचा नियम असा, की परदेशात शिकलेल्या डॉक्टरने साधारण १० वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचं, नाहीतर त्याच्या रुग्णांना मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचे पैसे मिळत नाहीत. याला कुणी सेवा म्हणो, मी वेठच म्हणणार. पण त्या वेठीतून हिने आणि एका श्रीलंकन मैत्रिणीने दवाखाना उभा केला. बायकांच्या तपासणीसाठी पूर्वी शंभर किलोमीटर गाडी हाकणाऱ्या शेतकरणी आता इथेच येतात, जाताना टेबलावर घरची लिंबं ठेवतात. तिची १० वर्षं मार्चमध्ये संपली. ‘मग आता सिडनी ना?’ मी विचारलं. म्हणाली, ‘अगं, कालच बरणीभर लोणचं घातलंय. मुरू तर दे.’