आधी निकाल, मग बातमी

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. जानेवारी 2023 मध्ये दौंड तालुक्यातल्या पारगावच्या हद्दीत नदीपात्रात एक मृतदेह सापडला. मग दुसरा. 18 ते 24 तारखेच्या दरम्यान एकूण सात. आजी-आजोबा, त्यांची मुलगी, जावई आणि तीन लहान नातवंडे. मजुरी करून पोट भरणारे कुटुंब.

चौथा मृतदेह मिळेपर्यंत गोष्ट तयार झाली होती. आजोबांच्या मुलाने कुणाला तरी पळवून नेले, बापाला बदनामी सोसवली नाही, त्याने सगळ्यांना घेऊन नदी जवळ केली. पोलिसांचा पहिला अंदाजही सामूहिक आत्महत्येचाच होता, हे खरे. पण अंदाज आणि गोष्ट यांत फरक असतो. अंदाज नवा पुरावा आला की बदलतो. गोष्टीला शेवट लागतो, आणि तो एकदा सांगून झाला की सांगणारा मागे वळून पाहत नाही. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर फोन हातोहात फिरत होता. पडद्यावर नदीचा पूल, त्यावर लाल बाण, पाठीमागे मालिकेत खलनायक येताना वाजते तसले संगीत, आणि त्या बापाच्या मनात काय चालले होते ते ठामपणे सांगणारा एक आवाज. बघणारे हळहळत होते. ‘अब्रूपायी गेला,’ असे एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

पुढे एक-दोन दिवसांत पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला आणि मृतांच्या नात्यातल्याच पाच जणांना अटक केली. आरोपींच्या घरातल्या एका तरुणाच्या मृत्यूचा संशय मनात धरून त्यांनी सूड घेतला, असे तपासात पुढे आले. म्हणजे ज्या आजोबाला आपण आठवडाभर नातवंडांचा जीव घेणारा ठरवले होते, तो स्वतःच बळी होता.

ही एका बातमीची चूक असती तर लिहिण्याची गरज नव्हती. सिनेमा, मालिका, पुस्तक, निवडणूक यांवर आपल्याकडे आता जे बोलले जाते, त्या सगळ्याला हीच सवय लागली आहे. समोर काय आहे ते पाहण्याआधी त्याचा अर्थ सांगून मोकळे व्हायचे.

2019 ची शिरूरची लोकसभा निवडणूक आठवा. झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू होती आणि तिचे नायक डॉ. अमोल कोल्हे राष्ट्रवादीचे उमेदवार होते. तीन वेळा खासदार झालेल्या शिवाजीराव आढळराव पाटलांना त्यांनी सुमारे 58 हजार मतांनी हरवले. मालिकेने निवडणूक जिंकली, असा निष्कर्ष जाणकारांनी त्याच संध्याकाळी काढला आणि विषय मिटला. मालिकेचा हातभार नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण याच मतदारसंघात बैलगाडा शर्यतींवर 2014 पासून बंदी होती, पुणे-नाशिक रस्त्यावर माणसे तासन् तास अडकत होती, कांद्याच्या भावाची रड होतीच. 2024 मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. मालिका संपून चार वर्षे झाली होती. कोल्हे सुमारे 1 लाख 40 हजारांनी निवडून आले. पडद्यावर घोडा नव्हता, मताधिक्य मात्र दुपटीहून जास्त. 2019 चे विश्लेषण अपुरे होते एवढे तरी कोणी कबूल करायला हवे होते. मला तशी कबुली कुठे वाचायला मिळाली नाही. मतदाराला भोळा प्रेक्षक ठरवणारे ते वाक्य तसेच राहिले, आणि मला त्याचाच जास्त राग आहे.

याच कोल्ह्यांनी 2017 साली एका चित्रपटात नथुराम गोडसेची भूमिका केली होती. तो जानेवारी 2022 मध्ये प्रदर्शित व्हायच्या वेळी वादळ उठले आणि त्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेश केला. लोकप्रतिनिधीने कोणती भूमिका करावी, हा प्रश्न रास्त आहे, त्यावर भांडावे. पण चित्रपट कसा आहे, खुन्याची बाजू तो कशी मांडतो, यावर बोलणारे मोजकेच होते. संभाजी साकारला म्हणून डोक्यावर घेणे आणि नथुराम साकारला म्हणून खाली उतरवणे, दोन्हींचे मूळ एकच: वेश आणि माणूस यांत फरक करायला आपण विसरलो आहोत.

समीक्षेचे काम काय असते, ते संभाजीराजांच्याच बाबतीत मराठीने पाहिले आहे. व्यसनी, उतावळा राजपुत्र ही त्यांची प्रतिमा बखरींनी आणि नाटकांनी रुजवली होती. वा. सी. बेंद्र्यांनी वर्षानुवर्षे कागदपत्रे चाळली आणि 1960 मध्ये चरित्र लिहून तिला उत्तर दिले. पुढे कमल गोखल्यांनी ते काम आणखी नेले. जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला नाटककार गडकऱ्यांचा पुतळा त्यांच्या ‘राजसंन्यास’साठी काढून नदीत टाकला गेला. त्या अपुऱ्या नाटकाला खरे उत्तर त्याच्या अर्धशतक आधीच मिळून गेले होते, आणि ते कागदावर होते.

त्याच वर्षी, 29 डिसेंबरला, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकमध्ये गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळचा फलक उखडला गेला. संभाजीराजांचे अंत्यसंस्कार त्यांनी केले की आणखी कोणी, हा अभ्यासाचा प्रश्न होता. तीन दिवसांनी कोरेगाव भीमा परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्या तीन दिवसांत फोनवरून काय काय फिरले, ते या भागातल्या घराघराला माहीत आहे.

पुढची वेळ येईल तेव्हा फोनही जास्त असतील आणि बोलणारेही. दर दिवशी काहीतरी बोललेच पाहिजे, हा धंद्याचा नियम झाला की माहिती येईपर्यंत थांबणे तोट्याचे ठरते. मग जो थांबतो तो मागे पडतो आणि जो चुकतो त्याचे काहीच बिघडत नाही. हे असेच चालले तर खरी बातमी आली तरी ती ऐकायला कोणी उरणार नाही.

पारगावच्या त्या आजोबावर ज्यांनी व्हिडिओ केले, त्यांना एक विनंती आहे. तो व्हिडिओ आज शोधून काढा आणि त्याखाली एक ओळ लिहा: मी सांगितले ते खोटे ठरले.